तीन दिवसांचं गाणं

आमच्या पिढीला एखादं गाणं हवंहवंसं वाटलं, की आधी यादी करावी लागे. वहीच्या फाडलेल्या पानावर गाणं, त्यापुढे सिनेमा, त्यापुढे गायक. ती यादी आणि कोरी कॅसेट घेऊन नाशिकच्या मेन रोडच्या आसपास कॅसेट भरून देणाऱ्याकडे जायचं. साठ मिनिटांची घ्यायची की नव्वदची, यावर घरी आधीच खल झालेला असे. दुकानदार यादीवरून नजर फिरवी, दोन गाण्यांवर काट मारी आणि सांगे, "परवा या." तोवर गाणं मनातच वाजत राही. भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेचे दोन इवलेसे प्लास्टिकचे तुकडे आम्ही मोडून टाकत असू. आणि मन बदललं, की त्याच खाचांवर चिकटपट्टी लावून नवी गाणी भरत असू.

मग खिशात मावणारे वायफायवाले प्लेअर आले. मायक्रोसॉफ्टचा झून नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत निघाला, ॲपलचा आयपॉड टच सप्टेंबर २००७ मध्ये. परदेशी गेलेल्या भाच्या-पुतण्यांबरोबर असे प्लेअर आमच्या घरांतही आले. आता वायर नको, कॉम्प्युटर नको, गाणं हवेतून उतरेल, असं वाटलं होतं. झूनचं वायफाय सुरुवातीला इंटरनेटला जोडलंच जात नसे. शेजारच्या झूनला गाणं पाठवता येई. पण ते तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस उलटले, की बंद. आयपॉड टचमध्ये गाण्यांचं दुकान होतं, पण ते आयट्यून्सचं दुकान भारतात उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला.

आणि वायफाय तरी होतं कुठे? सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्या वेगाने पाच एमबीचं गाणं उतरवायला अडीच मिनिटांहून जास्त लागत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं, आणि उघडं वायफाय ठेवणं धोक्याचं ठरलं. ते योग्यच होतं. पण मग कॉलेज रोडला काय आणि शालिमारला काय, प्लेअरच्या पडद्यावर नुसती कुलूप लावलेली नावं दिसत.

आमच्या कॅसेटी चांगल्या होत्या, असं म्हणवत नाही. त्यात रेकॉर्डवरच्या सुईची खरखर यायची, बाजू संपताना शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं, फीत टेपमध्ये गुंतली की अर्धी दुपार जायची. त्या भरून घेण्यातून गायकाला, संगीतकाराला दमडीही मिळत नव्हती, हेही खरंच. पंचवटी एक्सप्रेसमध्ये वॉकमन लावून बसलं, की इगतपुरी येईतो सेल उतरायचे आणि लताबाईंचा आवाज जड, लांबट होत जायचा. आवाज वाईट होता, खर्च जास्त होता, निवड तोकडी होती.

आज तीच पंचवटी आहे आणि सगळ्यांच्या कानांत गाणी आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि वायफायवाल्या प्लेअरचं अपुरं स्वप्न साध्या फोनने पुरं केलं. आवाज स्वच्छ, निवड अफाट. कसाऱ्याच्या घाटात रेंज गेली, तरी उतरवून ठेवलेलं गाणं वाजतं. पण स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायला तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावावी लागते. मार्च २०२३ मध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी तिथून गेली. ऐकणाऱ्याने काहीच केलं नव्हतं, तरी त्याच्या यादीतली गाणी नाहीशी झाली.

आम्ही कॅसेट दिली, की ती दिलेली असे. ती या घरातून त्या घरात फिरे. परत येई तेव्हा कव्हरवर दुसऱ्याच्या अक्षरात एखादं गाणं वाढलेलं असे. कधी परत येतही नसे, आणि त्यावरून वर्षभराचे रुसवे धरले जात. आज आम्ही दुसऱ्याला लिंक पाठवतो. ती पोचते, निळी खूण उमटते. गाणं ऐकलं का, हे विचारायचं राहून जातं.

हळहळ वाटते ती खरखरीसाठी नव्हे. गाणं मिळवायला कष्ट पडत, म्हणून ते देताना माणूस काहीतरी देत असे. झूनमधलं तीन दिवसांचं गाणं आम्हाला खटकलं ते याचसाठी. देण्याची सोय त्यात होती, देण्याचा अर्थ नव्हता.

म्हणून एक विनंती. माळ्यावरच्या कॅसेटी भंगारात घालण्याआधी एकदा पाहा. सिनेमाची गाणी कुठेही मिळतील. पण गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत मांडीवर टेप ठेवून भरलेलं भाषण, आजीच्या ओव्या, बारशाच्या दिवशीचा घरातला गोंगाट कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. फितीला बुरशी लागते, तिच्यावरचा लेप सुटत जातो. चालू टेप हाताशी आहे तोवर हे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि एक प्रत भावंडांना द्या.