घेऊन जा गे मारबत

नागपुरात धास्तीला नाव आहे, अंग आहे, आणि वर्षातून एकदा तिची मिरवणूक निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी मारबत निघते आणि जागनाथ बुधवारीतून पिवळी, दोन्ही बाईचे पुतळे. काळीची प्रथा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते तेव्हा तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. सोबत बडगे असतात, तेही पुतळेच, पण दरवर्षी नवे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. त्या त्या वर्षी गावाला ज्याचा धसका, त्याचा बडग्या. शेवटी सगळ्यांना अग्नी.

मला मारबत आधी कळली ती आजीच्या गावी, भंडारा जिल्ह्यात. तिथं पुतळा नव्हता. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या, त्यांना मेढे म्हणत. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी ते मेढे उचलायची आणि गावाच्या शिवेपर्यंत ओरडत जायची. इडा-पिडा, खासी-खोकला, ढेकूण-मच्छर, सगळं घेऊन जा गे मारबत! यादी सगळ्या बायांची सारखीच असे. आजी मात्र शेवटी, जरा आवाज उतरवून, सापाचं नाव घ्यायची. धानाच्या बांधीत साप चावून तिचा भाऊ गेला होता. एरवी त्याबद्दल ती अवाक्षर काढत नसे. वर्षातून एकदा, चारचौघींच्या गलक्यात, तिला ते भेव बोलता येई.

म्हणून मला ही प्रथा जवळची वाटते. २०२० साली करोनामुळे मिरवणुकीला परवानगी मिळाली नाही. सगळ्या शहराच्या छातीत एकच भीती, आणि नेमकी तेव्हाच ती रस्त्यावर येऊन ओरडण्याची सोय नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीतली माणसं आपापल्या गॅलरीत नुसती उभी होती.

पण एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपते. काळी मारबत म्हणजे भोसल्यांची बाकाबाई, इंग्रजांना सामील झालेली, असं लोक सांगतात. कुणी तिला पूतनामावशी म्हणतात. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. राज्य घेतलं गव्हर्नर जनरलनं, आणि जळते आहे ती भोसल्यांच्या घरातली एक विधवा. दगाबाजी, रोगराई, पाप, सगळ्याला आपण बाईचं तोंड दिलं, वर काळा रंग दिला.

त्याचे चटके पुतळ्यापाशी थांबत नाहीत. आमच्याकडे मारबत ही शिवी आहे. पोरीनं केस मोकळे सोडले की ‘काय मारबत होऊन बसली वं?’ सून सावळी असली की मारबत. माझ्या धाकट्या मावशीला पाहायला आले होते, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईनं बैठकीत हाच शब्द वापरला, आत ऐकू जाईल अशा बेतानं. मावशी पोह्यांवर सांभार भुरभुरत होती. तिचा हात थांबला. मग तिनं उरलेल्या बशा भरल्या, ट्रे उचलला आणि बाहेर नेऊन सगळ्यांपुढे धरला, त्या बाईपुढेही. त्यानंतर मावशी इतवारीत मारबत पाहायला आली नाही. लग्न पुढे दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण ती आली नाहीच.

मिरवणूक बंद करा असं मी म्हणणार नाही. माणसाला आपली भीती मोठ्यानं सांगायला जागा लागते, आणि एवढी मोठी जागा मला दुसऱ्या कुठल्या गावात दिसलेली नाही. तान्ह्या पोळ्याला या, बेंबीच्या देठापासून ओरडा, जे छळतं ते नाव घेऊन शिवेबाहेर काढा. फक्त घरातल्या, दारातल्या कुठल्याही लेकीला त्या नावानं हाक मारू नका. कुणी मारली तर तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला अडवा.