आईच्या टोप्या परत आल्या

मंडळी, या पोस्टसोबत फोटो नाही. का नाही ते वाचलंत की कळेल.

जानेवारीत आईने चाळीस टोप्या विणल्या. वय 74, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण सुया हातात आल्या की बाई थांबत नाही. केमोने केस गेलेल्या पेशंटना द्यायच्या, एवढंच तिच्या डोक्यात. खारघरचं टाटा आपल्या जवळच. बिहार-बंगालपासून माणसं तिथे येतात, भाड्याच्या खोल्यांत महिनोन्‌महिने राहतात, हे मी बातम्यांत कितीदा लिहिलंय.

टोप्यांची पिशवी घेऊन एका ओळखीच्या ताईंकडे गेलो. पेशंटच्या नातेवाइकांची राहण्याजेवणाची सोय त्या बघतात. त्यांनी एक टोपी काढली, स्वतःच्या गालावर घासली आणि परत पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "दादा, केमोत डोक्याची कातडी फार हळवी होते. लोकर टोचते. आणि आपल्याकडच्या घामात लोकर घालणार कोण? सुती असतील तर आणा."

खरं सांगतो, मला राग आला. फुकट देतोय तर वर नखरे? गाडी सुरू करेपर्यंत तो उतरला. अशा पिशव्या देतानाचे किती फोटो मी छापलेत! अध्यक्ष, उपाध्यक्ष, मागे बॅनर, आणि एका कोपऱ्यात घेणारा. पिशवी उघडल्यावर त्यातलं काय कामाला आलं, हे वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. बातमी फोटोपाशी संपायची.

आई मात्र शांत होती. "आधी विचारायला हवं होतं," म्हणाली आणि उसवायला बसली. चार दिवसांत चाळीसच्या चाळीस टोप्यांचे गुंडे झाले.

सुती टोप्या घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ताईंनी त्या ठेवून घेतल्या. मग खोलीत कुणी नसतानाही आवाज खाली आणून विचारलं, "आईंना क्रोशा येतो ना? छातीचं करतील का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आत्या आठवली. मी कॉलेजात असताना तिचं ऑपरेशन झालं. घरात शब्द एकच, "तिला बरं नाही." डावीकडे ती रुमालाची घडी घालायची. एका लग्नात पंगतीत वाढताना ती घडी सरकली. त्यानंतर आत्या कुणाच्या लग्नाला गेली नाही. जगली पुढे बारा वर्षं.

आपल्या देशात बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. 2022 साली 1 लाख 92 हजारांच्या आसपास नवीन रुग्णांचा अंदाज होता. स्तन काढावा लागला तर नंतर घालायला सिलिकॉनचा मिळतो, पण तो महाग, जड आणि उन्हाळ्यात चिकटणारा. क्रोशाचा हलका असतो. मऊ सुती धागा, मुका खांब घालत गोल विणत जायचं, आत उशीत भरतात तो फायबर. साधा कापूस नको, त्याच्या गुठळ्या होतात आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच वापरायचा. अमेरिकेत हे काम बऱ्याच वर्षांपासून सुरू आहे आणि मुंबईत साईशा इंडिया फाउंडेशन असे विणून बायकांना मोफत देते.

आईचा पहिला प्रयत्न थेट उकडीचा मोदक झाला. शेजारच्या दोघी आणि आई, तिघी इतक्या हसल्या की मी खोलीतून बाहेर आलो. दुसरा उसवला. तिसरा जमला.

यावर बातमी करायची ठरवली आणि शीर्षकाशीच अडकलो. डेस्कवरून सुचवलं, "कृत्रिम अवयव लिहा." म्हणजे वाचणाऱ्याला हात-पाय वाटणार. कॅन्सरचे आकडे आम्ही बिनधास्त छापतो, पण स्तन हा शब्द मथळ्यात नको. बातमी राहिली, म्हणून ही पोस्ट.

आतापर्यंत अठरा झाले. पनवेलमधल्या महिला मंडळांना सांगणं आहे: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिकचे डबे वाटता ना, त्याऐवजी यंदा मऊ सुती धाग्याचे गुंडे जमवा. गव्हाळ, बदामी, अंगाच्या रंगाजवळचे. क्रोशा येणाऱ्या मावश्या तुमच्यातच आहेत. विणायला घेण्याआधी मात्र माप आणि गरज विचारून घ्या.

गेल्या आठवड्यात ताईंनी एक पाकीट मालद्याहून आलेल्या बाईंना दिलं. मी बाहेर व्हरांड्यात होतो. त्या आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या. इतके दिवस छातीशी घट्ट धरलेला पदर त्यांनी मागे खांद्यावर टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, चला, चहा घेऊ.

मोबाईल माझ्या खिशात होता. तो तिथेच राहिला.