साइड बी

दादानं १९८८ साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेली एक कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. बँडचं नाव रॉक मशीन, अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. मला तेव्हा इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आतल्या कागदावरची नावं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. गायक उदय बेनेगल. गिटारवर महेश तिनईकर. तिनईकर! आमच्या गिरगावातल्या चाळीत दारावरच्या पाटीवर सहज शोभलं असतं असं आडनाव.

दादानं टेप मोठ्यानं लावली. आजी आत तांदूळ निवडत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, “कोणाचं म्हणतायत रे हे?”

“कोणाचं नाही आजी, त्यांनीच रचलंय.”

“मग बरंय. ओरडू देत.”

आजी राजापूरकडची. पहाटे जात्यावर बसून तिनं स्वतःच्या ओव्या रचलेल्या होत्या. त्यामुळे तिचा प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता. त्या काळात मुंबईतल्या बँडची किंमत, परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवता येतं यावरच ठरायची. रॉक मशीनही १९८४ मध्ये सुरू झाला तो दुसऱ्यांची गाणी वाजवत. पण लवकरच या पोरांनी स्वतःची गाणी रचून तीच लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. हौसेच्या बँडला तेव्हा हे परवडणारं धाडस नव्हतं.

पुढे दादा मला एकदा धोबी तलावच्या रंगभवनात घेऊन गेला. वर उघडं आभाळ, अंगाला घाम, आणि आवाज असा की तो कानांपेक्षा बरगड्यांत जास्त ऐकू येत होता. मागून कोणीतरी सारखी एका परदेशी गाण्याची फर्माईश करत होतं. बँडनं आपलंच गाणं सुरू केलं. कडव्याच्या शेवटी मागचा तो आवाजही बाकीच्यांत मिसळून गेला होता. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला, तो दादानं पहिल्याच आठवड्यात आणला.

त्याच वर्षी गणपतीत घात झाला. आतेभावाला आजीच्या ओव्या टेप करायच्या होत्या आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला लागली ती ‘रेनेगेड’. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेला असलेल्या खाचा त्यानं कागदाचे बोळे कोंबून बुजवल्या आणि साइड बीवर आजीला बसवलं. दादा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

१९९३ मध्ये बँडनं नाव बदललं. रॉक मशीनचा झाला इंडस क्रीड. यंत्र गेलं, सिंधू आली. एव्हाना चाळीत केबल पोचली होती. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा एमटीव्ही पुरस्कार मिळाला, तेव्हा दादा असा मिरवत होता जणू गिटार त्यानंच वाजवली होती. १९९५ मध्ये बँडच्या नावाचाच अल्बमही आला. पण ज्या केबलनं त्यांना घरोघरी नेलं, तिच्यावरच हिंदी पॉपची लाट आली. इंग्रजीत गाणाऱ्या देशी पोरांना जागा उरेना. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि दुसरे गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ हा बँड काढला. त्याआधीच्या पावसाळ्यात आजी गेली होती. दादा बँकेत चिकटला. रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात गप्प झालं.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवरचे झुबिन बालापोरिया. बास आणि ड्रमवर नवी मुलं. अल्बमला सतरा वर्षांचा खंड पडलेला. पण पुन्हा सगळी गाणी स्वतःचीच. दादानं फोन केला, “ऐकलंस?” आणि जरा थांबून, “ती कॅसेट आहे ना गं तुझ्याकडे?”

मी ती घेऊन दादरला एका दुकानात गेले, सीडी करून घ्यायला. दुकानातल्या मुलानं साइड बी लावली. आजीचा आवाज, मागे आरतीच्या तयारीची भांडी. शेवटी ती विचारते, “झालं का रे?” खट्. आणि लगेच, पुसायचं राहून गेलेलं गिटारचं शेपूट, ड्रमसकट, जेमतेम वीस सेकंद.

“मॅडम, शेवटी दुसरंच काहीतरी आलंय. कापू?”

“नको. असू दे.”

त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. “कोणाचं म्हणून लिहू?”

मी आजीचं नाव सांगितलं. तो ‘सेव्ह’ करणार, तेवढ्यात म्हटलं, थांब. पुढे स्वल्पविराम दे आणि लिही, रॉक मशीन.