अब्बा आणि जपानचा रस्ता

आमच्या घरात सध्या दोन तारखांची वाट पाहणं चालू आहे. एक बकरी ईदची, ती चंद्रावर अवलंबून. दुसरी १९ मे, ती पक्की. त्या दिवशी ‘फोर्झा होरायझन ६’ नावाचा मोटारींचा व्हिडिओ गेम बाजारात येतो आहे आणि आमच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या चौकोनाभोवती लाल गोल काढून ठेवला आहे. त्याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिले जातात. त्यामुळे त्याच्या अम्मीला आधी वाटलं, १९ तारखेला दूध येणार नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांतलं आम्हाला फार कळत नाही. दारात एक स्कूटर आहे, तिचंही प्लग साफ करण्यापलीकडे आमचं ज्ञान जात नाही. पण ज्या गोष्टीवरून घरात महिनाभर जेवणं लांबली, ती समजून घेणं भागच होतं. तर हा खेळ ब्रिटनमधली एक कंपनी बनवते. प्रत्येक वेळी नवा देश घेते. २०१२ मध्ये पहिला आला तेव्हा अमेरिकेतला कोलोरॅडो होता, २०१८ मध्ये खुद्द ब्रिटन, २०२१ मध्ये मेक्सिको. खेळणारे मात्र वर्षानुवर्षं एकच मागत होते, जपान. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये जपानची घोषणा झाली. टोकियोचे रस्ते, फुजी पर्वत, डोंगरातले नागमोडी घाट आणि साडेपाचशेच्या वर गाड्या. आमच्या मुलाने ही बातमी आम्हाला ज्या आवाजात सांगितली, त्या आवाजात त्याने दहावीचा निकालही सांगितला नव्हता.

शाळेतही तेच. नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत वाद रंगतो: खरी गाडी कोणत्या खेळात? एक गट ‘ग्रान तुरिस्मो’वाला. तो जपानी खेळ, काझुनोरी यामाउची यांनी १९९७ मध्ये काढलेला, आणि पहिल्यापासून त्याचा दावाच असा की ही करमणूक नव्हे, खरी ड्रायव्हिंग आहे. दुसऱ्या गटाचं म्हणणं, इतकं खरं असेल तर मजा कुठं? गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांच्या घरी दोन्हींपैकी एकही खेळ चालेल असं यंत्र नाही. ते मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळतात आणि इंडोनेशियाच्या बसला एसटीचा लाल रंग चढवून तिच्यावर आपल्या गावाची पाटी लावतात. वाद मात्र फुजी पर्वतावरून!

हा वाद जुनाच आहे असं कळलं. ‘ग्रान तुरिस्मो’च्या पाचव्या भागासाठी लोक कित्येक वर्षं ताटकळले. तारखा पुढे जात जात तो नोव्हेंबर २०१० मध्ये आला. त्यात हजारावर गाड्या होत्या, पण आतून-बाहेरून बारकाईने घडवलेल्या सुमारे दोनशेच. बाकीच्या जुन्या भागांतून उचललेल्या, आत डोकावलं तर अंधार. त्यावरून खेळणाऱ्यांत दोन तट पडले. आणखी एक मजेशीर गोष्ट अशी की गाडीला धडक बसली तर पोचा पडावा, ही साधी बाब त्या मालिकेत पहिल्यांदा तेव्हाच आली. गाड्यांची नावं आणि रूप वापरायला मोटार कंपन्यांची परवानगी लागते आणि आपली गाडी चेंदामेंदा झालेली पाहणं कुठल्या कंपनीला आवडेल? म्हणजे सगळं हुबेहूब, फक्त अपघात तेवढा सौम्य.

आम्ही वर्गाला निबंधाचा विषयच देऊन टाकला: ‘खरा खेळ कोणता?’ एरवी दहा ओळींत दमणाऱ्या मुलांनी दोन-दोन पानं भरली. एकाने लिहिलं, ‘या खेळात पेट्रोल संपत नाही, म्हणून हा खोटा.’ त्याला आम्ही पूर्ण गुण दिले.

घरातला वाद वेगळा होता. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर हा खेळ चालणार नाही, त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. चिरंजीवांनी तीन वर्षांची ईदी साठवली होती, उरलेल्या रकमेसाठी अर्ज आमच्याकडे. अम्मीने पैशांवर फार वेळ घालवला नाही. तिचा आक्षेप रस्त्याचा होता. आर्वीहून विरूळला गेलं की समृद्धी महामार्ग लागतो आणि तिथं मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ऑगस्टमध्ये मुलाला अठरा पूर्ण होतील. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळच्या पुलावरून गाडी खाली कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारी सात मुलं एका रात्रीत गेली, ते वर्धा जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. ती बातमी आली त्या सकाळी आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं. कारण काहीही असो, गाडी आणि वीस-बावीसचं वय हे दोन शब्द जोडून आले की तिला तो पूल आठवतो.

मुलाने तिला पटवायला ‘ग्रान तुरिस्मो’ हा २०२३ चा इंग्रजी सिनेमा दाखवला. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश मुलगा हा खेळ घरी खेळता खेळता २०११ मध्ये निवड स्पर्धा जिंकून खराखुरा शर्यतपटू झाला, त्याची हकिकत. चाल चांगली होती, पण २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर त्याचीच गाडी हवेत उडाली आणि एक प्रेक्षक दगावला, हेही त्या सिनेमात आहे. अम्मी उठून पीठ मळायला गेली. अर्ज फेटाळल्यात जमा झाला.

अब्बा या सगळ्यात नव्हते. ते ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांना गेम म्हणजे कॅरम. पण बासी ईदला नागपूरहून आमचा भाचा आला तो मोठा लॅपटॉप घेऊन, त्यात मेक्सिकोवाला पाचवा भाग. दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या बाजूला सरकवून मुलं बसली आणि नातवाने दादांच्या हातात कंट्रोलर दिला. उजव्या बोटाला रेस, डाव्या बोटाला ब्रेक. अब्बांनी आधी विचारलं, क्लच कुठं आहे? मग म्हणाले, हॉर्न?

(घरात आमची बोली उर्दूच. इथं सोयीने मराठीत लिहितो आहोत, अब्बांची दोन-चार वाक्यं तेवढी तशीच ठेवतो.)

पहिली पाच मिनिटं हसून पुरेवाट झाली. मेक्सिकोत वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि अब्बांचा हात ३१ वर्षांच्या सवयीने गाडी डावीकडे नेतो. समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यावर आदळत होती आणि ते त्या मेक्सिकन ड्रायव्हरांना अस्सल एसटी स्टँडच्या भाषेत समज देत होते. नातू म्हणाला, दादा, जपानमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालतात. “फिर तेरा जापान वाला आने दे,” अब्बा म्हणाले. त्या क्षणी घरात जपानची वाट पाहणारे दोन झाले.

मग त्यांना सूर सापडला. ज्वालामुखीकडे चढणाऱ्या रस्त्यावर त्यांनी गाडी अशी काही घेतली की भाचा गप्प झाला. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात हात स्थिर, बाहेर पडताना हळूहळू रेस. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात आम्ही लहानपणी त्यांच्या गाडीत, इंजिनच्या गरम झाकणाशेजारी बसून हेच पाहिलं होतं. एका वळणावर मात्र समोर गाडी आली, अब्बांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि कठड्यावर आपटली. बंपर थोडा वाकला, बस. नातवाने पटकन एक बटण दाबलं. गाडी उलटी सरकत मागं आली, कठडा सोडला, वळण सोडलं आणि पुन्हा सरळ रस्त्यावर उभी राहिली.

“ये पीछे जाता है?” अब्बांनी विचारलं.

“रिवाइंड, दादा. चूक झाली की थोडं मागं जायचं आणि परत घ्यायचं.”

“फिर से दिखा.”

त्याने पुन्हा दाखवलं. अब्बांनी कंट्रोलर गादीवर ठेवला. बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “ब्रेक लगाया तो पीछे वाले कहाँ गये?”

मागं कुणी नसतं, भाचा म्हणाला. गाडीत एकटा ड्रायव्हर. रस्त्यावरही माणूस मध्ये येत नाही, धडकेत कुणी सापडेल अशी सोयच ठेवलेली नाही.

त्यानंतर अब्बांनी जे सांगितलं ते आम्ही चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मुक्कामाची गाडी होती, पावसाळ्याची रात्र. शेवटची दोन-तीन गावं राहिली होती. एकाएकी एक बैल रस्त्यात आला आणि त्यांनी ब्रेक मारला. बैल वाचला. पण गाव जवळ आलं म्हणून एक म्हातारी गाठोडं घेऊन दाराशी येऊन उभी राहिली होती, ती लोखंडी दांड्यावर आपटली. कपाळ फुटलं, तोंडातून रक्त. कंडक्टरने तिच्याच लुगड्याचा पदर फाडून बांधला. अब्बा म्हणाले, गाडी फिरवतो, दवाखान्यात नेतो. ती ऐकेना. “राहू दे बाप्पा, मले घरी सोड. सून जागीच असन.” तिला उतरवलं, तिच्या दारापर्यंत कंदील धरून नेलं. कागदावर काही लिहिलं नाही. कंडक्टरही बोलला नाही. पुढे विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. तो बिल्ला आमच्या कपाटात आहे. लहानपणी आम्ही तो छातीला लावून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायचो.

पुन्हा ती दिसली का, आम्ही विचारलं. अब्बा म्हणाले, पुढच्या फेरीला त्या थांब्यावर पाहिलं, मग त्यांची पाळी बदलली. आणि पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

खोलीत कुणी काही बोलेना. अम्मी दारात उभी होती. मग अब्बांनीच विषय हलका केला. म्हणाले, गाडी बरी चालली की वाईट, ते एक दूधवाला मला रोज सांगायचा. पहाटेच्या गाडीत तो दाराजवळ कॅन ठेवायचा, झाकण सैल. शहरात पोचल्यावर खाली सांडलेलं बघायचा आणि तेवढंच मला ऐकवायचा. नातू ताडकन उठून बसला. जपानमध्ये ‘इनिशियल डी’ नावाची एक चित्रकथा आहे, १९९५ पासूनची. तिच्यात बापाच्या दुकानातला टोफू रोज पहाटे घाटातून पोचवणारा मुलगा आहे. बाप त्याला गाडीत पाण्याने भरलेला पेला देतो, पाणी सांडता कामा नये. तसं चालवता चालवता तो घाटातला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर होतो. जपानच्या घाटांचं एवढं वेड पसरलं त्यात या गोष्टीचा मोठा हात. टोफू म्हणजे काय, हे अब्बांना समजावताना ‘सोयाबीनचं पनीर’ इथवर आम्ही पोचलो. आमच्या भागात सोयाबीन ढिगाने पिकतं, त्याचं पनीर होतं हे ऐकून अब्बांचा जपानवरचा विश्वास थोडा कमी झाला.

ग्राफिक्स कार्डाचं अजून ठरलेलं नाही. भाचा मेच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन येणार आहे, तेव्हा १९ तारीख तशीच निभावेल असं अम्मीचं म्हणणं. आम्हाला तिचं पटतं, पण तीन वर्षांची ईदी मुलाची आहे, तीही बाजू आहेच. अब्बा रोज चहाच्या वेळी कॅलेंडरकडे पाहून विचारतात, “कितने दिन?”

मधल्या काळात त्यांनी दुसरंच सुरू केलं आहे. फजरनंतर शेजाऱ्यांची जुनी मारुती व्हॅन घेऊन दोघं गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात जातात. लायसन्स ऑगस्टनंतर, तोवर रस्त्यावर चाक न्यायचं नाही, ही अम्मीची अट. नेताना व्हॅन अब्बा चालवतात, मैदानात नातू. मागच्या सीटवर दुधाचा छोटा कॅन असतो, सैल झाकणाचा. त्यात पाणी. दूध नासवायची ऐपत नाही, असं अम्मीने आधीच सांगून ठेवलं आहे. पहिल्या दिवशी निम्मं पाणी सांडलं. परवा साधारण तांब्याभर.

आज सकाळी व्हॅन परत करण्याआधी मुलगा सीट पुसत होता. पुसता पुसता त्याने दादांना विचारलं, त्या म्हातारीचं गाव कोणतं? अब्बांनी नाव सांगितलं.