दहा हजार वेळा नाणे

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले. दक्षिण आफ्रिकेतील गणिताचे अध्यापक जॉन केरिच तेव्हा कोपनहेगनला आलेले होते. आणखी दोनच दिवसांनी ते विमानाने इंग्लंडला जावयाचे होते. ते जाणे राहूनच गेले. दक्षिण आफ्रिका ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरली होती, त्यामुळे केरिच शत्रुपक्षाचे ठरले आणि जटलंडमधील एका छावणीत त्यांना स्थानबद्ध करण्यात आले.

सुटका केव्हा होणार हे ठाऊक नसले, की मोकळा वेळ ओझ्यासारखा वाटू लागतो. अशा वेळी कोणी पत्ते कुटतो, कोणी भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढतो. केरिच यांनी एक नाणे घेतले आणि एका सहकाऱ्याच्या मदतीने ते उडवावयास आरंभ केला. छापा पडला की १ लिहावयाचा, काटा पडला की ०. असे त्यांनी थोडेथोडके नव्हे, दहा हजार वेळा केले! मिनिटाला दहा वेळा या वेगाने नाणे उडविले, तरी या कामाला सोळा तासांहून अधिक वेळ लागतो.

नाणे निर्दोष असेल तर छापा आणि काटा पडण्याची संभाव्यता सारखीच, म्हणजे निम्मी-निम्मी, असे गणित सांगते. परंतु केरिच यांचे नाणे पहिल्या तिन्ही वेळा काट्यावरच पडले. दहा वेळांत छापे आले चार; शंभर वेळांत चव्वेचाळीस. निम्म्याला सहा कमी!

येथे सामान्य माणूस काय म्हणेल? “इतका वेळ काटा फार पडला, आता छाप्याची पाळी.” सापशिडी खेळताना सहाची वाट पाहणारा मुलगा असेच म्हणतो, चार वेळा नाणेफेक हरलेला कर्णधारही मनात असेच म्हणत असावा. ही समजूत मोठी गोड आहे, आणि तितकीच फसवी. मागे काय पडले याची आठवण नाण्याला नसते, आणि मागची बाकी फेडण्याची काळजीही नसते. प्रत्येक वेळी ते जणू पहिल्यांदाच उडते.

मग हजाराव्या वेळेपर्यंत छापे ५०२ झाले, ते कसे? सहाची तूट भरून निघाली, वर दोन जास्त झाले. नाण्याने कर्ज फेडले असे वाटावे खरे. पण फेडच करावयाची असती, तर हिशेब पुरा होताच ते थांबले असते. ते थांबले नाही. दहा हजार वेळांच्या अखेरीस छापे भरले ५०६७. म्हणजे निम्म्याहून ६७ अधिक. आरंभी एकाचा असलेला फरक ६७ वर गेला होता!

तरीही गणित खोटे पडले नाही. दहांत एकाचा फरक म्हणजे शेकडा दहा. दहा हजारांत ६७ चा फरक म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. समजा, पहिल्या शंभरानंतरच्या ९,९०० वेळांत छापे बरोबर निम्मे, म्हणजे ४,९५० पडले असते. एकूण झाले असते ४,९९४. सहाची तूट जशीच्या तशी राहिली असती, पण प्रमाण शेकडा ४९.९४ भरले असते. मूठभर मिठाने तांब्याभर पाणी खारट होते. तेच मीठ विहिरीत टाकले तर चव बदलत नाही. मीठ मात्र कोठे गेलेले नसते.

केरिच यांनी लाकडाची एक चकतीही उडवून पाहिली. तिच्या एका बाजूला शिशाचा थर होता, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजू सारख्या पडेनात. निम्मे-निम्मे हा काही सृष्टीचा हट्ट नव्हे. ज्या वस्तूच्या दोन्ही बाजू सारख्या, तिच्यापुरताच तो नियम.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, केरिच यांनी हे प्रयोग एका लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केले. त्यात पहिल्या दोन हजार वेळांची नोंद छापलेली आहे: एकामागून एक नुसते १ आणि ०. पहिली ओळ तीन शून्यांनी सुरू होते.