साडेतीन लाखांचे स्पीकर, बारा फुटांची खोली

चाकणला शिफ्ट करणाऱ्या माणसानं साडेतीन लाखांची स्पीकरची जोडी घ्यावी का? मित्रांचं उत्तर ठरलेलं: "एवढ्यात सेकंडहँड गाडी येते की रे!" पण गाडीनं मी कंपनीतच जाणार. दुकानात त्या स्पीकरवर भीमसेनजी ऐकले, तेव्हा मागच्या तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या कळल्या. दिवसभर प्रेसचा दणदणाट ऐकलेल्या कानांना याची किंमत कळते. हप्ते मी फेडलेही असते.

अडचण खोलीची आहे. मोशीतला आमचा हॉल बारा फूट लांब. एवढ्या अंतरात साधारण ४७ हर्ट्झचा आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमतो. तो बास भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध, म्हणजे आमच्या सोफ्यावर, जवळपास गायब होतो. स्पीकर महाग घेतल्यानं भिंती लांब सरकत नाहीत. दुकानातली खोली मात्र हॉलच्या तिप्पट होती, जाड गालिचा आणि पडद्यांसकट.

आणि भिंतीपलीकडे शेजारचे काका थर्ड शिफ्ट करून सकाळी झोपलेले असतात. बारीक आवाज भिंत अडवते, बास आरपार जातो. म्हणजे साडेतीन लाखांचे स्पीकर मी कायम दबक्या आवाजात लावणार.

म्हणून छोटे, चाळीस हजारांचे स्पीकर घेतोय. सोबत जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट. उरलेले पैसे मोठ्या घरासाठी. भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव दर डिसेंबरात पुण्यात असतोच. तिथं आवाज कमी करायला कुणी सांगत नाही.