मेलास का परत?

२०१८च्या पावसाळ्यात आमच्या घरात हा प्रश्न रोज विचारला जायचा. विचारणारी आई, स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून. मी 'डार्क सोल्स' खेळत होतो. मूळ गेम २०११चा, फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा. माझ्याकडे त्याचा नुकताच आलेला रीमास्टर होता.

पहिले दोन दिवस मी चुकीच्या वाटेनंच गेलो. फायरलिंक श्राइनच्या शेकोटीपासून वाटा फुटतात. नकाशा नाही, बाण नाहीत. मी सरळ स्मशानात शिरलो आणि तिथल्या सांगाड्यांनी मला धरून झोडपलं. गेम अवघड आहे असं ऐकलं होतंच, म्हटलं हाच तो अवघडपणा! तिसऱ्या दिवशी कड्यावर चढणारा जिना दिसला.

मरणाचं मला काही वाटलं नसतं, पण मारलेल्या शत्रूंकडून मिळवलेले 'सोल्स' मेलो तिथंच पडून राहतात. शेवटच्या शेकोटीपाशी जागं व्हायचं, तोवर मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे. त्यांच्यातून जाऊन आपलं गाठोडं उचलायचं. वाटेत परत मेलं, की पहिलं गाठोडं कायमचं बुडालं. या गाठोड्यापायी अनडेड बर्गच्या गल्ल्या मी इतक्यांदा तुडवल्या, की वरून आगीचे बाँब कुठं पडणार आणि कुठल्या आडोशाला कोण दबा धरून बसलंय, हे पाठ झालं. आमच्या बोळातले खड्डे लाइट गेल्यावरही पायांना कळतात, तसं. तटावरच्या टॉरस डीमनकडे जाण्याआधी मागच्या बुरुजावर चढून दोन तिरंदाज संपवायचे, हे शहाणपण मला आठ मरणांनी दिलं.

तीन आठवडे मी वर वर चढत होतो. तट, पूल, पुलावर आग ओकणारा ड्रॅगन, मग अनडेड पॅरिशचं चर्च. तिथं एक लिफ्ट सापडली. ती खाली जायला लागली. खूप वेळ जातच राहिली. थांबली तेव्हा ओळखीचं संथ संगीत ऐकू आलं आणि समोर फायरलिंकची शेकोटी. जिथून निघालो, बरोब्बर तिथंच! इतके दिवस मी लांब गेलोच नव्हतो, त्याच जागेच्या डोक्यावर चढत होतो. मी टाळ्या वाजवल्या. शेकोटीपाशी बसलो आणि आईला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. "बघ हं," म्हणत मी लिफ्टनं वर गेलो, उतरलो, ऐटीत एक फेरी मारून परत वळलो. लिफ्ट तेवढ्यात खाली गेली होती. मी न बघता पाऊल टाकलं.

आई स्क्रीनवरची लाल अक्षरं बघत राहिली. मग म्हणाली, "यात दाखवण्यासारखं काय होतं?"